पीळ आणि पीडा

परभणी जिल्ह्यातील कापसाची चिमूट आम्ही नुसतीच ओढली, तंतू सुटले. तशीच दुसरी पिळून ओढली, सूत टिकले. असे का? पिळलेले सूत ताणले की तंतू एकमेकांवर दाबले जातात आणि घर्षणामुळे निसटत नाहीत.

हा दाब शब्दातही आहे. 'पिळणे' हे क्रियापद संस्कृत 'पीड्' या धातूपासून प्राकृतमार्गे आले. 'गुड'चा 'गूळ' झाला, तसाच येथेही 'ड'चा 'ळ' झाला. 'पीड्' म्हणजे दाबणे. चरकात ऊस 'पिळतात' तेव्हा तो मुरगळला जात नाही, दाबलाच जातो. जुना अर्थ तेथे टिकला आहे. धुतलेले कापड मात्र मुरगळूनच दाबावे लागते. तेथे दोन्ही अर्थ एकत्र येतात.

'पीडा' आणि 'पिळवणूक' याच कुळातल्या. कापूस पिकवणारा 'पिळवणूक' म्हणतो, तेव्हा तो शब्दाचा मूळ अर्थच सांगत असतो.