होम्सच्या म्हातारपणाची कागदपत्रं

नाव आठवलं नाही की रोजनिशीत एक टिंब काढायचं, असं डॉक्टरांनी सांगितलेलं आहे. हळूहळू पानंच्या पानं टिंबांनी भरत जातात. बिल कॉन्डन दिग्दर्शित ‘मिस्टर होम्स’ (2015) या चित्रपटातल्या शेरलॉक होम्सचा हा सर्वांत विश्वसनीय दस्तऐवज. समोरच्या माणसाचं नाव तो शर्टाच्या बाहीवर लिहून ठेवतो आणि गुपचूप वाचून घेतो. साल 1947, वय 93. एक फोटो, एक हातमोजा आणि वॉटसनने रंगवून सांगितलेली हकिकत, एवढ्यावरून त्याला आपलंच एक जुनं प्रकरण पुन्हा उभं करायचं आहे. इयन मॅकेलनने हा म्हातारा असा उभा केला आहे की, आर्थर कॉनन डॉइलनेच तो लिहून ठेवला असावा असं वाटतं. त्याने खरोखर किती लिहिलं होतं, ते कागद काढून पाहण्याजोगं आहे.

आधी वय. ‘हिज लास्ट बो’ ही कथा 1917 मध्ये छापली गेली. तिच्यातला प्रसंग 2 ऑगस्ट 1914 चा. त्यात वेषांतर केलेल्या होम्सचं वय साठ सांगितलं आहे. म्हणजे जन्म 1854 चा, आणि 1947 मध्ये 93. चित्रपटवाल्यांनी हिशेब चोख केला आहे.

निवृत्तीचा पुरावा त्याहून जुना. 1904 च्या ‘सेकंड स्टेन’मध्ये वॉटसन सांगून टाकतो की होम्स लंडन सोडून ससेक्सच्या टेकड्यांवर अभ्यास आणि मधमाशापालन करत बसला आहे. ही नोंद चित्रपटाला अडचणीची आहे. चित्रपटातलं शेवटचं प्रकरण 1947 च्या सुमारे तीस वर्षं आधीचं. या कागदानुसार तर होम्स तेव्हा केव्हाच मधमाशांकडे गेला होता. मला ही चूक वाटत नाही. ज्याची स्मृतीच बेभरवशाची, त्याच्या तारखा आपण का जुळवत बसायचं?

दुखणी? 1917 च्या संग्रहाच्या प्रस्तावनेत वॉटसन एवढंच कळवतो की होम्स हयात आहे, ईस्टबोर्नपासून पाच मैलांवरच्या छोट्या शेतावर राहतो आणि अधूनमधून संधिवाताने बेजार होतो. सांधे दुखतात, डोकं शाबूत आहे. त्याने मधमाशापालनावर एक पुस्तकही लिहून हातावेगळं केलं आहे. विसरभोळेपणाचा उल्लेख कुठेही नाही.

मात्र 1926 चा एक कागद बारकाईने वाचावा लागतो. ‘लायन्स मेन’ ही होम्सने स्वतः सांगितलेली कथा. निवृत्तीनंतरची, समुद्रकाठची, जुलै 1907 मधली. पाठीवर चाबकाचे फटके उमटावेत तसे वळ घेऊन एक माणूस मरतो. मरताना तो जे शब्द बोलतो, त्यांच्याशी जुळणारं काहीतरी आपण वाचलं आहे, एवढं होम्सला जाणवतं. काय, ते मात्र आठवत नाही. आपलं डोकं म्हणजे गाठोड्यांनी खचाखच भरलेली अडगळीची खोली झाली आहे, आत काय काय आहे याचा अंदाजच उरलेला नाही, अशा अर्थाची कबुली तो देतो. शेवटी माळ्यावर जाऊन तो हवं ते पुस्तक शोधून काढतो आणि खुनी म्हणजे एक विषारी जेलीफिश असल्याचं कळतं.

याच्या शेजारी 1887 ची ‘अ स्टडी इन स्कार्लेट’ ठेवा. तिथला तरुण होम्स बजावतो की मेंदू ही रिकामी माळ्याची खोली आहे आणि शहाणा माणूस तीत कामापुरतंच सामान ठेवतो. पृथ्वी सूर्याभोवती फिरते हे कळल्यावर ते विसरायचा प्रयत्न करीन, असं म्हणणारा हा गृहस्थ! एकोणचाळीस वर्षांत हवं तेवढंच ठेवण्याचा तोरा गेला आणि ठेवलेलं सापडत नाही ही तक्रार आली. मिच कलिनची 2005 ची कादंबरी आणि तिच्यावरचा हा चित्रपट या तक्रारीच्या पुढे चालत गेले आहेत. अडगळीची खोली डॉइलची. तिच्यातली गाठोडी गहाळ होणं कलिनचं.

पुढचे कागद कोर्टातले. डॉइल 1930 मध्ये वारला, पण अमेरिकेत 1923 ते 1927 दरम्यानच्या शेवटच्या दहा कथांवर स्वामित्वहक्क शिल्लक होता. होम्सला खरी खोली याच कथांत आली, म्हणून त्या सुटेपर्यंत अख्खं पात्र आमचं, असा वारसदारांच्या संस्थेचा दावा होता. होम्सवरच्या एका आधीच्या संग्रहासाठी त्यांनी प्रकाशकाकडून 5000 डॉलर घेतलेही होते. पुढच्या संग्रहाच्या वेळी संपादक लेस्ली क्लिंगर कोर्टात गेले. जून 2014 मध्ये न्यायमूर्ती रिचर्ड पोस्नर यांनी दावा फेटाळला: जुन्या पन्नास कथांतला होम्स सर्वांचा; शेवटच्या दहांत जे नव्याने भरलं, तेवढंच राखीव.

ती फट धरून मे 2015 मध्ये संस्थेने न्यू मेक्सिकोच्या संघीय न्यायालयात कलिन, कॉन्डन, प्रकाशक आणि चित्रपट कंपनी यांच्यावर दावा लावला. म्हणणं असं की मुक्त कथांत निवृत्त होम्स दोनदाच आणि ओझरता येतो. त्याच्या निवृत्तीचा तपशील राखीव कथांतला आहे. थोडक्यात, तरुण होम्स तुम्ही घ्या, म्हातारा आमचा. आकडा मात्र जुळत नाही: ‘सेकंड स्टेन’, ‘हिज लास्ट बो’ आणि 1917 ची प्रस्तावना, असे उल्लेख तीन होतात. आणि त्या तीन ओझरत्या उल्लेखांत ससेक्स, मधमाशा, संधिवात आणि साठीचं वय एवढं सगळं बसलेलं आहे. निकालाची वेळ आलीच नाही. प्रकरण तडजोडीने मिटलं.

त्यामुळे एका काल्पनिक माणसाच्या उतारवयाची मालकी नेमकी कोणत्या ओळीपासून सुरू होते, हे कोणत्याच न्यायाधीशाने लिहून ठेवलेलं नाही. ‘लायन्स मेन’ 1 जानेवारी 2022 रोजी अमेरिकेत मुक्त झाली. 1927 मधल्या शेवटच्या कथा आणखी एक वर्ष अडकून राहिल्या.