दिवे लागतात, मग इंजिन का फिरत नाही?

जुन्या ट्रकबद्दलची एक तक्रार गॅरेजवाल्यांच्या चांगल्या परिचयाची असते. दिवे लागतात, हॉर्न वाजतो, पण किल्ली फिरवली की नुसता ‘कट्’ असा आवाज येतो आणि इंजिन काही फिरत नाही. मालक म्हणतो, बॅटरी गेली. नवी बॅटरी बसवली जाते. दोन दिवस गाडी चालते, पुन्हा तेच. मग स्टार्टर खोलला जातो. खर्च वाढत जातो. शेवटी कोणी जाणता मेकॅनिक बॅटरीची एक वायर सोडवतो, तिचे टोक आणि ते जिथे बसते ती जागा कानशीने घासतो, बोल्ट आवळतो आणि गाडी एका झटक्यात सुरू होते.

हे कसे घडते? दिव्यांपर्यंत पोचणारी वीज स्टार्टरपर्यंत का पोचत नाही? या प्रश्नाचे उत्तर मोटारगाडीच्या जन्माच्या साठ वर्षे आधी एका शाळाशिक्षकाने लिहून ठेवले होते.

ओहमची खरी अडचण

गेओर्ग ओहम हा जर्मनीतील कोलोन येथे शाळेत गणित आणि भौतिकी शिकवत असे. वडील कुलपे बनवणारे कारागीर होते, त्यामुळे हत्यारांची सवय घरातूनच झालेली. तारेची लांबी वाढवली की तिच्यातून जाणारा विद्युतप्रवाह किती कमी होतो, हे त्याला मोजायचे होते. पण त्या काळच्या रासायनिक घटांनी त्याला फार छळले. तार जोडून प्रवाह सुरू केला की घटाचा जोर हळूहळू उतरत जाई. 1825 साली त्याने जे सूत्र प्रसिद्ध केले ते चुकीचे निघाले.

मग पोगेनडॉर्फ या शास्त्रज्ञाच्या सूचनेवरून त्याने वेगळा स्रोत वापरला. दोन वेगळ्या धातूंचे सांधे करून एक गरम आणि एक थंड ठेवला, तर त्या मंडलात वीज वाहते, हे सीबेकने 1821 साली शोधले होते. ओहमने बिस्मथ आणि तांबे यांची अशी जोडी घेतली. एक सांधा उकळत्या पाण्याच्या तापमानाला, दुसरा बर्फात. हा जोर स्थिर राहिला आणि 1826 साली नियम हाती आला. त्यावरचे पुस्तक 1827 साली निघाले.

आपण मुलांना हा नियम ‘विभवांतर म्हणजे प्रवाह गुणिले रोध’ असा शिकवतो. ओहमने 1826 मध्ये तो थोडा निराळा मांडला होता. त्याच्या सूत्रात भाजक दोन पदांचा होता. एक पद तपासायच्या तारेचे. दुसरे बाकीच्या सगळ्या मंडलाचे, म्हणजे स्रोताचे आणि जोडण्यांचे. प्रवाह या दोघांच्या बेरजेवर ठरतो. पाठ्यपुस्तकात सोय म्हणून हे दुसरे पद बहुधा गळून पडते. आपल्या ट्रकचे सारे दुखणे मात्र त्या गळलेल्या पदातच लपलेले असते.

तारायंत्रवाल्यांनी शिकवलेली तपासणी

ओहमचा नियम व्यवहारात पहिल्यांदा उपयोगी पडला तो तारायंत्राला. 1858 साली अटलांटिक महासागराच्या तळाशी टाकलेली केबल जेमतेम तीन आठवडे चालली. तिच्यावर काम करणाऱ्या व्हाइटहाउस यांनी संदेश पोचत नाही म्हणून तिला सुमारे 2000 व्होल्टचा दाब दिला आणि आधीच दुबळे असलेले तिचे आवरण निकामी झाले. दोष कोठे आहे हे न शोधता जोर वाढवण्याचा हा प्रकार होता. विल्यम टॉमसन यांनी, म्हणजे पुढे लॉर्ड केल्व्हिन झालेल्या शास्त्रज्ञांनी, याच्या उलट मार्ग धरला. अगदी क्षीण प्रवाह दाखवणारी नाजूक उपकरणे त्यांनी बनवली. 1866 साली ‘ग्रेट ईस्टर्न’ या प्रचंड जहाजाने टाकलेली केबल टिकली. 1870 मध्ये याच जहाजाच्या कामगिरीमुळे मुंबई आणि एडन समुद्राखालून जोडले गेले.

या केबलींमुळे दोष शोधण्याची एक नवी रीत रुजली. समुद्रतळाशी जाऊन बघणे तर शक्य नव्हते. पण केबलच्या दर मैलाचा रोध माहीत असे. किनाऱ्यावर बसून रोध मोजला की दोष किती मैलांवर आहे याचा हिशेब मांडता येई. न उघडता, न बदलता, केवळ मोजून दोषाची जागा ठरवायची ही ती रीत. व्होल्टमीटर घेऊन ट्रकजवळ उभा राहणारा मेकॅनिक याच परंपरेतला आहे.

हँडल गेले, बटण आले

सुरुवातीच्या मोटारी हँडल मारून सुरू कराव्या लागत. आपल्याकडेही जीप आणि जुन्या गाड्यांबरोबर हे हँडल येत असे. ठिणगी वेळेआधी पडली तर इंजिन उलटा झटका देई आणि हँडल मारणाऱ्याचे मनगट मोडे. मनगटाजवळच्या एका विशिष्ट अस्थिभंगाला अस्थिशल्यचिकित्सेच्या पुस्तकांत ‘शोफर्स फ्रॅक्चर’ हे नाव पडले, ते यातूनच.

विजेच्या मोटरने इंजिन फिरवायची कल्पना अनेकांना सुचली होती. पण हिशेब केला की मोटर आणि बॅटरी अवाढव्य निघत. ही कोंडी अमेरिकेतील डेटन गावच्या चार्ल्स केटरिंग या अभियंत्याने फोडली. पूर्वी त्याने दुकानातील गल्ल्याच्या यंत्राला विजेची मोटर बसवली होती. त्या कामात त्याला एक गोष्ट उमगली होती. मोटरच्या ताकदीला मर्यादा पडते ती मुख्यतः तापण्यामुळे. ती काही सेकंदच चालणार असेल, तर छोट्या मोटरमधूनही भरमसाट प्रवाह सोडता येतो. ती तापून जळण्याआधी काम आटोपते. कॅडिलॅक कंपनीने 1912 च्या मॉडेलमध्ये त्याची योजना स्वीकारली. फोर्डच्या मॉडेल टी गाडीवर विजेचा स्टार्टर 1919 साली आला. हा ‘सेल्फ स्टार्टर’. आपल्या गॅरेजांत त्याचे नुसते ‘सेल्फ’ झाले.

केटरिंगच्या युक्तीची एक किंमत मात्र होती. यंत्र लहान झाले, पण प्रवाह प्रचंड झाला. आणि प्रवाह प्रचंड असला की एरवी नगण्य वाटणारा रोध नगण्य राहत नाही.

थोडा हिशेब

समजा, 12 व्होल्टची बॅटरी आहे आणि तिचा अंतर्गत रोध 0.01 ओहम आहे. स्टार्टरचा रोध 0.05 ओहम धरू. (फिरती मोटर ही साधी रोधतार नसते, पण अंदाजासाठी हे चालेल.) एकूण रोध 0.06, म्हणून प्रवाह 200 अँपिअर. स्टार्टरला 10 व्होल्ट आणि 2000 वॉट मिळतात.

आता एका सांध्यावर गंज चढला आणि तिथे 0.02 ओहम एवढाच रोध आला. प्रवाह 150 अँपिअरवर येतो. तीन व्होल्ट त्या सांध्यातच खर्च होतात. स्टार्टरला 1125 वॉट, म्हणजे निम्म्यापेक्षा थोडेच जास्त उरतात. उरलेल्यापैकी 450 वॉट तो सांधा तापवण्यात जातात! त्याच सांध्यातून दिव्यांचा 10 अँपिअर प्रवाह गेला, तर घट होते फक्त 0.2 व्होल्टची. ती डोळ्यांना जाणवतही नाही. ‘दिवे लागतात, पण इंजिन फिरत नाही’ या कोड्याचा उलगडा इथे होतो.

हाच हिशेब 6 व्होल्टच्या गाडीसाठी करून बघा. तेच 2000 वॉट द्यायचे तर प्रवाह 400 अँपिअर लागतो आणि सगळे रोध एक चतुर्थांश ठेवावे लागतात. तिथे 0.02 ओहमचा तोच सांधा आला तर स्टार्टरला जेमतेम 367 वॉट मिळतात, पाचव्या हिश्श्यापेक्षाही कमी. फोर्डचे ‘एफ’ मालिकेतील ट्रक 1948 साली आले तेव्हा ते 6 व्होल्टचे होते. 1956 मध्ये ते 12 व्होल्टचे झाले. इंजिने मोठी होत गेली तसा हा बदल भाग पडला. 6 व्होल्टच्या जुन्या ट्रकला नंतरच्या गाडीची बारीक वायर कोणी बसवली, तर बॅटरी नवी असूनही इंजिन कण्हत फिरते. वायर दिसायला धडधाकट असते. कमी पडते ती तिची जाडी.

आधी ऐका, मग मोजा

फोर्डच्या या ट्रकांत बॅटरीजवळ, मडगार्डच्या आतल्या बाजूला एक रिले असे. किल्लीमधून येणारा लहान प्रवाह त्यातले विद्युतचुंबक चालवतो आणि ते स्टार्टरचा मोठा प्रवाह जोडते. ही युक्तीही तारायंत्राकडूनच आलेली आहे. म्हणजे मंडले दोन झाली, एक लहान आणि एक मोठे. दोष यांपैकी कशात आहे, ते आवाजावरून बरेचसे कळते.

काहीच आवाज नाही, तर बहुधा लहान मंडल तुटले आहे: किल्लीचा स्विच, त्याची वायर किंवा रिलेचे वेटोळे. एकच ‘कट्’ आला, तर रिले ओढला गेला, पण मोठा प्रवाह पुढे पुरेसा जात नाही: रिलेचे संपर्क जळलेत, सांधा गंजलाय, स्टार्टरचे कार्बन झिजलेत किंवा तो अडकलाय. ‘कट्कट्कट्’ असा सलग आवाज आला, तर प्रकार मोठा गमतीचा असतो. रिले जुळतो, स्टार्टर प्रवाह ओढतो, बॅटरीचा दाब कोसळतो, म्हणून रिले सुटतो. सुटताच दाब सावरतो आणि रिले पुन्हा जुळतो. पाठ्यपुस्तकातल्या विद्युतघंटीसारखेच हे चालते. बॅटरी उतरलेली आहे किंवा तिचा सांधा खराब आहे, असा याचा अर्थ. नुसता घरघर फिरल्याचा आवाज आला, तर वीज निर्दोष आहे. स्टार्टरचे दातेरी चाक इंजिनाच्या चाकात अडकत नाही.

आता मोजमाप. इथे एक फसगत ठरलेली. किल्ली न फिरवता रिलेच्या बॅटरीकडच्या बोल्टपाशी व्होल्टमीटर लावला तर तो पूर्ण 12 व्होल्ट दाखवतो, सांधा कितीही गंजलेला असो. कारण व्होल्टमीटर स्वतः जवळजवळ प्रवाह घेतच नाही आणि प्रवाहाविना सांध्यावर घट होत नाही. म्हणून मोजायचे ते दुसरा माणूस किल्ली फिरवत असताना. गाडी न्यूट्रलमध्ये, हातब्रेक ओढलेला आणि ठिणगीची वायर काढून ठेवलेली. मीटरचे एक टोक बॅटरीच्या धन खांबाला, वायरच्या पकडीला नव्हे, आणि दुसरे स्टार्टरच्या बोल्टला. 12 व्होल्टच्या गाडीत ही घट साधारण अर्ध्या व्होल्टच्या आत असावी. मग ऋण खांब आणि इंजिनाचा उघडा धातू यांच्यामध्ये मोजावे; तिथे ती आणखी कमी हवी. घट जास्त निघाली तर मधल्या एकेका सांध्यावर मीटर सरकवत न्यावा. दोषी सांधा स्वतःच आकडा बोलून दाखवतो. दोन्ही बाजू ठीक असतील, पण बॅटरीच्या दोन खांबांमधला दाबच साडेनऊ व्होल्टच्या खाली कोसळत असेल, तर बॅटरी चार्ज करून पुन्हा तपासावी. चार्ज करूनही तेच झाले आणि स्टार्टर अडकलेला नसेल, तरच बॅटरीला दोष द्यावा.

परतीची वाट, म्हणजे अर्थिंग, अनेकदा विसरली जाते. जुन्या ट्रकच्या चेसिसवर गंज आणि रंगाचे थर असतात. इंजिनाची अर्थिंगची पट्टी तुटली तर दोनशे अँपिअर दुसरी वाट शोधतात आणि कधी कधी ॲक्सिलरेटरची बारीक केबल लाल होऊन जळते. केबल बदलणारा माणूस मग केबलच पुनःपुन्हा बदलत बसतो.

एक सूचना विसरू नये. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो. तिच्याजवळ ठिणगी पडू देऊ नये आणि वायरी काढताना अर्थिंगची आधी सोडवावी.

वर्गात करून पाहण्यासाठी

ही सारी गोष्ट ट्रकशिवाय दाखवता येते. टॉर्चमधला वापरून शिळा झालेला एक सेल आणि एक नवा सेल घ्या. नुसता व्होल्टमीटर लावला तर दोघांत फरक थोडाच दिसेल. आता दोघांना एकेक बल्ब जोडून पुन्हा मोजा. मग बल्बच्या वाटेत गंजलेल्या खिळ्याचा सांधा घाला आणि त्या सांध्याच्या दोन बाजूंना मीटर लावा. बल्ब काढलेला असताना शून्य, लावल्यावर आकडा. ओहमच्या भाजकातले ते विसरलेले पद मुलांच्या डोळ्यांसमोर येते.

यानंतर मुलांना विचारावे: बॅटरीवर 12 व्होल्ट लिहिलेले आहेत, ते केव्हा खरे? या प्रश्नाचे उत्तर ज्याला देता येईल, तो मोठेपणी ट्रक चालवो, दुरुस्त करो किंवा दुसऱ्याकडून दुरुस्त करून घेवो; एक वस्तू बदलून पाहू, नाही तर दुसरी, असे म्हणण्याआधी तो मोजायला सांगेल.