तमिळ का शिकावी?

मुसलमानाची भाषा उर्दू, हे समीकरण आपल्याकडे दोन्ही बाजूंनी घट्ट धरले जाते. बाहेरचे विचारतात, “तुम्ही मराठी इतकी चांगली कशी बोलता?” घरातले म्हणतात, मराठी नोकरीपुरती, दीनच्या गोष्टी उर्दूतच. मी दोन्ही भाषा शिकवतो आणि उर्दूवर माझे प्रेम आहे. पण हे समीकरण तपासायचे असेल तर तमिळकडे पाहावे.

तमिळनाडूत वाणियंबाडी-आंबूरकडे उर्दू बोलणारे मुसलमान आहेत. मात्र बहुसंख्य तमिळ मुसलमानांची मातृभाषा तमिळच. कायलपट्टिणम, कीळक्करै अशा बंदरांत अरब व्यापाऱ्यांबरोबर इस्लाम आला आणि तिथलीच भाषा बोलू लागला. नमाज म्हणजे ‘तोळुगै’, मशीद म्हणजे ‘पळ्ळिवासल’, रोजा म्हणजे ‘नोन्बु’. वरलक्ष्मीचे व्रत करणारी हिंदू बाईही आपल्या व्रताला नोन्बुच म्हणते. शब्द सामायिक झाला म्हणून कुणाचा रोजा कमी झाला नाही.

सतराव्या शतकात उमरु पुलवर यांनी पैगंबरांचे (स.) चरित्र तमिळ काव्यात लिहिले. पाच हजारांहून अधिक कडव्यांच्या या ग्रंथाचे नाव ‘सीरापुराणम’: अरबी ‘सीरा’ आणि आपल्या ओळखीचे ‘पुराण’. कवीपुढे कंबनाच्या रामायणाचा आदर्श होता. त्यांच्या अरबस्तानात पाऊस पडतो, नद्या वाहतात, भातशेती डोलते. म्हणजे नबींची गोष्ट त्यांनी आपल्या मुलखात आणून सांगितली.

तिथल्या मुसलमानांनी अरबी लिपीत काही अक्षरांची भर घालून तमिळ लिहिली. तिला ‘अरवी’ म्हणतात. कुरआनची अक्षरे ओळखणाऱ्यालाही त्यामुळे तमिळ ग्रंथ वाचता येत.

या इतिहासात मराठी धागाही आहे. नागोरच्या शाहुल हमीद दर्ग्याचा 131 फुटी मिनार बांधवला तो तंजावरचे मराठा राजे प्रतापसिंह भोसले यांनी, अठराव्या शतकात.

तमिळ लिपी अवघड नाही. क, ख, ग, घ या चौघांना मिळून एकच अक्षर! पण शिकायचे कारण वेगळे आहे. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी ‘योगसंग्राम’ मराठीत लिहिला, तरी आपल्या किती घरांत त्यांचे नाव निघते? तमिळ मुसलमानाला ‘तुझी भाषा कोणती’ याचे उत्तर शोधावे लागत नाही. आपल्या मुलांनाही ते शोधावे लागू नये.