वणव्यानंतरची गावे
(ऑस्ट्रेलियातील एका अग्निप्रलयाची व पुनर्वसनाची हकीकत)

वणवा म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे फाल्गुन-चैत्रातला डोंगर उभा राहतो. संध्याकाळी कड्याच्या अंगाला लाल माळ लागलेली दिसते, मुले अंगणात उभी राहून ती पाहत असतात, आणि सकाळी उठून बघावे तो काळाठिक्कर पडलेला माळ आणि करपलेल्या करवंदीच्या जाळ्या! गवत जाते, वैरण जाते, एखाद्याची काजूची बाग जाते, क्वचित गोठाही जातो. परंतु अख्खे गाव वणव्यात भस्मसात झाले असे आपल्याकडे सहसा ऐकिवात नाही. ऑस्ट्रेलिया खंडातील व्हिक्टोरिया या प्रांतात मात्र सन २००९ मध्ये एका दिवसात अशी अनेक गावे जळाली.

दूरदेशीची ही हकीकत या पुस्तिकेत कशासाठी, असे कोणी विचारील. गावाने वर्गणी काढावी, परगावच्या व परदेशच्या मंडळींनी देणग्या पाठवाव्यात, सरकारदरबारी हेलपाटे घालावेत आणि मोडलेले पुन्हा उभे करावे, या कामात काय काय सोसावे लागते हे आपण सर्वांनी नुकतेच अनुभवले आहे. म्हणून ज्यांचे मंदिरच काय, पण शाळा, दुकान, पोलीस चौकी आणि राहते घर असे सर्वच एका रात्रीत गेले, त्यांनी ते कसे उभारले हे आपणास परके वाटू नये. शिवाय नोकरी-शिक्षणानिमित्त मेलबर्न शहरी गेलेली मराठी मुले आता थोडीथोडकी नाहीत; ही गावे त्याच शहरापासून दोन-अडीच तासांच्या आतल्या वाटेवर आहेत.

तिकडचे ऋतुमान आपल्या उलट. आपल्याकडे माघातली थंडी असते तेव्हा तिकडे ऐन उन्हाळा. त्यापूर्वीची दहा-बारा वर्षे त्या मुलखात अवर्षणाची गेली होती. जानेवारी २००९ च्या अखेरीस मेलबर्नमध्ये सलग तीन दिवस पारा ४३ अंशांवर राहिला, आणि शनिवार, दि. ७ फेब्रुवारी रोजी तो ४६.४ अंशांवर गेला. त्या शहरातील तापमानाच्या नोंदीत इतका आकडा पूर्वी कधी लिहिला गेला नव्हता. खंडाच्या मधल्या वाळवंटावरून उत्तरेचा तापलेला वारा सुटला होता आणि त्याचा वेग काही ठिकाणी ताशी शंभर किलोमीटरहून अधिक होता.

तेथील रान निलगिरीच्या नाना जातींचे. आपण बांधावर लावतो ती निलगिरी वेगळी आणि ही वेगळी. मॅरिसव्हिल गावाभोवतीचा ‘माउंटन ॲश’ तर जगातील सर्वांत उंच सपुष्प वृक्षांपैकी एक होय. या झाडांची साल लांब पट्ट्यांनी सुटते, आणि पेटलेली साल वाऱ्यावर कित्येक किलोमीटर उडत जाऊन पुढे नवी आग लावते. मग आगीच्या आणि गावाच्या मध्ये नदी असो की रस्ता, त्याचा उपयोग राहत नाही.

त्या दिवशी दुपारी बाराच्या सुमारास किलमोर ईस्ट येथे विजेची जुनी तार तुटून ठिणगी पडली. तिच्यातून पसरलेल्या एका वणव्याने ११९ माणसे घेतली. पुढे चौकशीत असे दिसून आले की, त्या दिवशीच्या अकरा मोठ्या आगींपैकी पाच विजेच्या सामग्रीतील बिघाडाने लागल्या होत्या. एक आग माणसाने लावल्याचे न्यायालयात सिद्ध झाले. सायंकाळी वारा एकाएकी फिरून नैर्ऋत्येचा झाला. उन्हाने होरपळलेल्या शहरवासीयांना ती गार झुळूक वाटली असेल, पण डोंगरातल्या गावांवर तीच काळ होऊन आली. कारण आगीची लांबच लांब बाजू होती तीच आता तिचे तोंड झाली. मॅरिसव्हिल गावावर आग चालून आली ती अशी वारा फिरल्यावर. पाचशेच्या आसपास वस्तीचे ते गाव. जुनी अतिथीगृहे, थंड हवा आणि धबधबा यांसाठी नावाजलेले. सकाळी उजाडले तेव्हा चारशेवर इमारतींपैकी चौदाच्या आसपासच उभ्या होत्या. गावातील ३४ जण गेले. स्ट्रॅथेवन नावाच्या जेमतेम दोनशे वस्तीच्या गावी २७ जण गेले, म्हणजे दर सात-आठ माणसांमागे एक. सर्व मिळून मृतांचा आकडा १७३ झाला, दोन हजारांहून अधिक घरे जळाली आणि चार लाख हेक्टरांवर रान व शेती होरपळली. त्या शनिवारला तेव्हापासून ‘काळा शनिवार’ म्हणतात.

वणवा त्या लोकांना नवा नव्हता. १९३९ च्या जानेवारीत ७१ माणसे दगावली होती, आणि फेब्रुवारी १९८३ च्या वणव्यांत व्हिक्टोरिया व शेजारचा दक्षिण ऑस्ट्रेलिया मिळून ७५. अशाच अनुभवांतून १९४५ साली तेथे ग्रामीण अग्निशमन संस्था स्थापन झाली. तिचे बहुसंख्य जवान पगारी नसून गावोगावचे शेतकरी, सुतार, शिक्षक, दुकानदार असतात. ‘काळ्या शनिवारी’ यांतील कित्येक जण दुसऱ्याच्या घरावर पाणी मारीत होते आणि त्याच वेळी त्यांचे स्वतःचे घर जळत होते.

सरकारी मदतीचा भाग सांगतो. येथे उणेदुणे दोन्ही सांगितले पाहिजे. आग लागल्यापासून तिसऱ्या दिवशी, दि. १० फेब्रुवारीस, राज्य सरकारने पुनर्रचनेसाठी स्वतंत्र प्राधिकरण नेमले व ते राज्याच्या पोलीसप्रमुख श्रीमती क्रिस्टीन निक्सन यांच्याकडे सोपविले. केंद्र सरकारने बाधितांना प्रौढामागे १,००० व मुलामागे ४०० डॉलर तातडीने दिले. मॅरिसव्हिल, किंगलेक, फ्लॉवरडेल येथे तात्पुरत्या वसाहती उभ्या केल्या. जळक्या घरांचा राडारोडा, त्यातील विषारी ॲस्बेस्टॉससकट, मालकाकडून एक पैसाही न घेता उचलून दिला. अशी तीन हजारांहून अधिक ठिकाणे काही महिन्यांत साफ झाली. आणखी एक सोय मला विशेष वाटते. प्रत्येक कुटुंब मागेल तर त्यास एक ठरलेला मदतनीस कार्यकर्ता दिला गेला. कोणत्या कचेरीत कोणता अर्ज द्यायचा, विम्याचे काय, मुलांच्या शाळेचे काय, हे सर्व त्याने पाहायचे, म्हणजे दुःखात असलेल्या माणसाला तीच कहाणी दहा टेबलांवर दहा वेळा सांगावी लागू नये. आपल्यापैकी ज्यांनी सातबाऱ्याच्या एका नोंदीसाठी तालुक्याच्या पायऱ्या झिजविल्या आहेत, त्यांना याचे मोल वेगळे सांगावयास नको.

जनतेच्या दानाचा ओघ तर अपूर्व होता. रेडक्रॉस संस्था व दोन्ही सरकारे यांनी मिळून काढलेल्या निधीत जवळजवळ ४० कोटी डॉलर जमले. त्या वेळच्या भावाने सुमारे बाराशे कोटी रुपये. त्सुनामीच्या वेळी ऑस्ट्रेलियाने मदत केलेल्या इंडोनेशियानेही आठवणीने आपला वाटा पाठविला. निधीचे वाटप कसे व्हावे हे ठरविणाऱ्या मंडळाचे अध्यक्षपद जॉन लॅंडी यांना दिले होते. ते प्रांताचे माजी राज्यपाल, पण लोकांना ते ठाऊक होते धावपटू म्हणून. १९५४ साली एक मैल चार मिनिटांच्या आत धावणारा जगातील दुसरा माणूस तो हा. पैशाच्या पेटीवर असा माणूस बसविला म्हणून कुरकुर थांबली, असे मात्र नाही. विमा उतरविलेल्यास आणि न उतरविलेल्यास सारखेच द्यावे काय? भाडेकरूचे काय? ज्याचे घर वाचले पण कुंपण, गुरे, कामधंदा गेला त्याचे काय? या प्रश्नांवर सख्खे शेजारी एकमेकांशी बोलेनासे झाल्याची उदाहरणे आहेत.

सरकारच्या वेगाचीही दुसरी बाजू होती. शोधकार्य व पोलीस तपासासाठी मॅरिसव्हिल कित्येक आठवडे बंद ठेवले गेले. गावकऱ्यांना स्वतःच्या घराची राखही हाती घेता येईना. घरबांधणीचे नियम महिन्याभरात बदलून कडक केले. सुरक्षिततेच्या दृष्टीने ते योग्यच होते, पण जंगलालगतच्या घराचा खर्च त्यामुळे इतका वाढला की, अनेकांच्या विम्याच्या रकमेत घराचा निम्मा भागही उभा राहीना. तीसएक गावांत लोकांच्या पुनर्वसन समित्या नेमल्या, त्यांच्याकडून योजना मागविल्या आणि त्यासाठी मुदती घालून दिल्या. ज्याच्या घरात सुतक आहे, जो कोणाच्या तरी गॅरेजात मुलाबाळांसह राहतो आहे, त्याने महिन्या-दोन महिन्यांत गावाचा पुढील वीस वर्षांचा आराखडा सांगायचा! मदत करणाराची घाई आणि दुःखिताची चाल यांचा मेळ बसणे कठीण. आपल्याकडे १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर बावन्न गावे नव्या जागी वसविली, तेव्हाही ही ओढाताण झाली होती.

दिलेल्या इमारतींचे पुढे काय होते, हाही प्रश्न होताच. देणगीतून व सरकारी पैशातून नवी सभागृहे, क्रीडा-मंडप, सामुदायिक केंद्रे झाली. जुन्यापेक्षा मोठी, देखणी. पण त्यांची वीज, रंगरंगोटी, दुरुस्ती यांचा दरवर्षीचा खर्च कोणी करायचा? मरिंडिंडी या तालुकेवजा स्थानिक परिषदेच्या हद्दीत मॅरिसव्हिल येते. तिचे करदाते आगीनंतर कमी झाले होते आणि मालमत्ता मात्र वाढली. हा बोजा आम्हांस झेपत नाही, असे तिला पुढील अनेक वर्षे सरकारला सांगावे लागले. इमारतीसाठी पैसा मिळतो, दिवाबत्तीसाठी मिळत नाही, हे तिकडेही तसेच आहे म्हणायचे.

आता स्ट्रॅथेवनकडे वळू. शाळा, सभागृह, क्रिकेटचा मंडप, सर्व जळाले होते. या लहान गावाने आधी एक काम केले, ते म्हणजे बाहेरून कोणी समिती नेमण्याची वाट न पाहता आपली समिती आपणच निवडून दिली. कोणते बांधकाम आधी, कोणते नंतर, स्मारक कोठे, हे या मंडळींनी एकमेकांना विचारून ठरविले, आणि जेथे मत जुळेना तेथे थांबले. वेळ लागला. पण झाले ते सर्वांचे झाले.

याच गावी एक आगळे झाड आहे. आगीनंतर व्हिक्टोरियातील काही लोहारांच्या मनात आले की, आपल्या हातून या लोकांसाठी काय होण्यासारखे आहे? तर धातूचे एक पान. त्यांनी इतर लोहारांनाही पाने मागितली. पंचवीस-पन्नास येतील असे वाटले असावे; आली ती देशोदेशींहून, तीन हजारांवर. कोणावर मृताचे नाव, कोणावर गावाचे, कोणावर दात्याचे ठोकलेले. त्यांपासून स्टेनलेस पोलाद व तांब्याचे, दहा मीटरांच्या आसपास उंचीचे निलगिरीचे झाड घडविले गेले आणि २०१३ च्या अखेरीस ते स्ट्रॅथेवन येथे उभे राहिले. अग्नी हेच ज्यांचे हत्यार, त्यांनी अग्नीत गेलेल्यांसाठी भाता चालविला.

चौकशीचेही थोडक्यात सांगितले पाहिजे. न्यायमूर्ती बर्नार्ड टीग यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने १५५ दिवस साक्षी घेतल्या, साक्षीदार ४३४. अधिकारी तर होतेच, पण आगीची झळ बसलेले शंभरएक सामान्य लोकही त्यांत होते. जुलै २०१० मधील अहवालात ६७ शिफारशी आहेत. ‘तयारी करा, आणि एकतर घर राखा नाही तर वेळेवर निघा’ असा सरकारी उपदेश त्यापूर्वी असे. १७३ पैकी ११३ जण घरांतच मृत्यू पावल्याचे पाहून हा उपदेश बदलला. अतिकठीण दिवशी आधीच निघून जाणे श्रेयस्कर, असे आता सांगतात. धोक्याचा इशारा दूरध्वनीवर धाडण्याची व्यवस्था त्याच वर्षाअखेर सुरू झाली. वीजतारेच्या खटल्यात २०१४ साली पीडितांना ४९ कोटी डॉलरांहून अधिक रकमेची तडजोड मिळाली, पण तोवर पाच वर्षे उलटली होती.

मेलबर्न विद्यापीठाच्या अभ्यासकांनी या गावांतील हजाराहून अधिक लोकांचा अनेक वर्षे मागोवा घेतला. बहुतेक लोक सावरले होते. परंतु सर्वाधिक होरपळलेल्या गावांत पाच वर्षांनीही पुष्कळांची झोप परत आली नव्हती. ज्यांचा गावातील एखाद्या-दुसऱ्या मंडळाशी, संघाशी संबंध होता त्यांची मने तुलनेने लवकर स्थिरावली. पण फारच जास्त समित्यांत गुंतलेले उलट थकून गेले, असाही त्यांचा निष्कर्ष आहे. प्रत्येक गावात चार-पाच जणच सर्व कामे ओढतात, त्यांच्या घरच्यांना हे वाचून दाखवावे.

मॅरिसव्हिलची वस्ती २०११ च्या जनगणनेत सव्वादोनशेवर आली होती. २०१५ मध्ये तेथे सरकारी साहाय्याने मोठे हॉटेल उघडले, पर्यटक परतू लागले, आणि २०१६ साली वस्ती चारशेच्या जवळ पोहोचली. त्यांतील बरेच जण नवे. जुन्यांपैकी अनेक परतलेच नाहीत. भोवतालचे उंच माउंटन ॲश वृक्ष आगीत मेले ते मेले, त्यांना नवी पालवी फुटत नाही; त्यांच्या बियांतून दाट रोपे उगवली. इतर जातींच्या निलगिरींना मात्र काही आठवड्यांतच काळ्या बुंध्यांवरून हिरवी लव फुटली होती.

स्ट्रॅथेवनची शाळा पुन्हा बांधली गेली. काही वर्षांनी तेथील मुलांना अग्निशमन दलाचे जवान वाऱ्याचे, उताराचे व आगीचे शास्त्र शिकवू लागले. त्या मुलांनी मातीच्या बाहुल्या करून त्यांचा चलच्चित्रपट काढला आणि तो गावातल्या मोठ्या माणसांना दाखविला.