केडगावचे मुक्ती सदन

मुक्ती सदन हा निराधार स्त्रियांचा आश्रम परदेशी मिशनने उभारला, हे मूळ लेखकाचे विधान अर्धेच खरे आहे. अमेरिकेतील रमाबाई असोसिएशनसारख्या हितचिंतकांच्या पैशाचा वाटा मोठा होता, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु आश्रमाच्या संस्थापक पंडिता रमाबाई कोणत्याही परदेशी मंडळाच्या नोकर नव्हत्या. केडगावची सुमारे १०० एकर जमीन त्यांनी शारदा सदन या आपल्या पुण्यातील विधवांच्या शाळेला उत्पन्न मिळावे म्हणून फळबागेसाठी घेतली होती. १८९६-९७च्या दुष्काळात मध्य प्रांतातून निराधार मुली आणल्या, त्यात पुण्यात प्लेग आला आणि बागेचीच वस्ती झाली. आधी झोपड्या उभ्या राहिल्या, पक्क्या इमारती मागाहून आल्या. शेती, विणकाम आणि पुढे छापखानाही आश्रमातल्या बायकाच चालवू लागल्या.

यावर आक्षेप असा की, दुष्काळात पोटासाठी केलेल्या कामाला आश्रमाच्या उभारणीतला वाटा म्हणणे ढोंगीपणाचे आहे. आक्षेप रास्त आहे. त्या बायकांपुढे दुसरी वाट फारशी नव्हतीच. पण मग देणगीदाराला कर्तेपण द्यायचे आणि राबणाऱ्या हातांना केवळ उपकृत ठरवायचे, हे तरी कोणत्या न्यायाने? शिवाय १८९३मध्ये धर्मांतराच्या वादातून न्या. रानडे आणि डॉ. भांडारकर यांच्यासारखे सुधारक सल्लागार शारदा सदनापासून दूर झाले होते. (प्रतिष्ठितांची मदत अशीच असते, सशर्त.) त्यानंतरचे केडगाव उभे राहिले ते बाहेरचा पैसा आणि इथल्या निराधार बायकांचे श्रम यांवर. मूळ विधानात यांतली दुसरी बाजू वगळली आहे. वाचकांनी ती धरूनच ते वाचावे. – संपादक