परिचर्येच्या शिक्षणाचे मोल

सप्टेंबर १९९४ मध्ये सुरतेत प्लेग पसरला, तेव्हा रुग्णांचा मोठा भार सिव्हिल रुग्णालयावर पडला. उशाशी उभी असलेली परिचारिका पदवीधर की पदविकाधारक, हे कोणत्या रुग्णाने विचारले असेल? पालक मात्र मला नेमके तेच विचारतात.

पुण्याच्या सेवासदनाच्या विद्यार्थिनी ससून रुग्णालयात शिकत, त्या काळी शिक्षणाचे मोल बहुतांशी श्रमांनीच फेडले जाई. १९४६ साली दिल्ली व वेल्लोर येथे पदवी आली. पुढे हळूहळू तो भार कुटुंबावर आला. पदवीस चार वर्षे, पदविकेस तीन. नोंदणी दोघींची सारखीच. एम.एस्सी.ची वाट धरणाऱ्या पदविकाधारकेस मात्र पदवीसाठी आणखी दोन वर्षे लागतात. स्वस्त वाटलेले शिक्षण पाच वर्षांचे होते. पण जिला रुग्णशय्येपाशीच राहायचे आहे, तिने कर्ज काढून चौथे वर्ष का घ्यावे, हे मी अद्याप कोणा पित्यास पटवू शकलेलो नाही.