सीतापुऱ्याची आग आणि छायाचित्रांची दुसरी प्रत

२९ ऑक्टोबर २००९ ची संध्याकाळ. जयपूरच्या दक्षिणेला असलेल्या सीतापुरा औद्योगिक वसाहतीलगतच्या इंडियन ऑइलच्या साठवण आगारात एका टाकीतून पेट्रोल गळू लागले. सुमारे सव्वा तास ते गळत राहिले. त्याच्या बाष्पाचा ढग आगारभर पसरला आणि मग प्रचंड स्फोट झाला. अकरा माणसे दगावली. टाक्या अकरा दिवस जळत होत्या. आसपासच्या कारखान्यांचीही मोठी हानी झाली.

या दुर्घटनेची चौकशी एम. बी. लाल समितीने केली. तिच्या निष्कर्षांतील एक बाब केवळ तेल उद्योगापुरती नाही. नियंत्रण कक्षातून झडप बंद करण्याची सोय नादुरुस्त होती. आणि नियंत्रण कक्ष व अग्निशमनाचे पंपघर संभाव्य गळतीच्या ठिकाणांपासून दूर असावे, अशी शिफारस समितीला करावी लागली. जे संकटात वाचवणार, तेच संकटाच्या टप्प्यात उभे असेल, तर त्याचा उपयोग काय? आपल्या हजारो छायाचित्रांसाठी ‘क्लाउड’ सेवा निवडू पाहणाऱ्याने स्वतःला विचारायचा पहिला प्रश्न नेमका हाच आहे.

छायाचित्रांच्या जतनाचा इतिहास जयपूरला अपरिचित नाही. सीतापुऱ्यापासून सुमारे सोळा किलोमीटरवर, जुन्या शहरातील सिटी पॅलेसमध्ये महाराजा सवाई रामसिंह दुसरे (१८३३–१८८०) यांच्या छायाचित्रांचा वारसा जपलेला आहे. हे महाराज स्वतः छायाचित्रकार होते. दरबारी मंडळी, जनानखान्यातील स्त्रिया आणि स्वतःचीही छबी त्यांनी काचेवर उमटवली. फ्रेडरिक स्कॉट आर्चर यांनी १८५१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ओल्या कोलोडियन पद्धतीत काचेवर रसायन लावून, ते ओले असतानाच चित्र टिपावे लागे. त्या काचेवरून कागदी प्रती कितीही काढता येत. पण मूळ काच एकच. ती फुटली की तिच्यातील बारकावा कायमचा गेला, कारण प्रतीवरून काढलेली प्रत दर वेळी थोडी फिकी होई.

म्हणून त्या काळी जतन म्हणजे मूळ वस्तूची राखण. ही राखण किती अवघड असते, हे पुण्याने जानेवारी २००३ मध्ये पाहिले. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या नायट्रेट फिती ठेवलेल्या कोठीला आग लागली आणि जुन्या चित्रपटांच्या असंख्य रिळांची राख झाली. जयपूरने तेच पाण्याच्या रूपात अनुभवले. ऑगस्ट २०२० च्या अतिवृष्टीत अल्बर्ट हॉल संग्रहालयात पाणी शिरले. तेथील इजिप्शियन ममी कर्मचाऱ्यांनी वेळेवर हलवली, मात्र अनेक कागदपत्रे भिजली.

अंकीय छायाचित्राने या इतिहासाला कलाटणी दिली. अंकांची प्रत मूळाइतकीच अस्सल असते. शंभरावी प्रतही पहिलीहून तसूभर उणी नसते. मार्च २००६ मध्ये अ‍ॅमेझॉनने ‘एस-थ्री’ ही साठवण सेवा सुरू केली आणि दूरच्या सर्व्हरवर भाड्याने जागा घेणे सामान्य माणसाच्या आवाक्यात आले. मूळ आणि नक्कल हा भेद संपला. आता काही हरवणार नाही, असे वाटू लागले.

हा समज फार टिकला नाही. ऑक्टोबर २००८ मध्ये अमेरिकेतील ‘डिजिटल रेलरोड’ ही व्यावसायिक छायाचित्रकारांचे संग्रह सांभाळणारी कंपनी आर्थिक अडचणीत बुडाली. आपापली छायाचित्रे उतरवून घेण्यासाठी ग्राहकांना जेमतेम एका दिवसाची मुदत मिळाली. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधील स्ट्रासबुर्ग येथे ओव्हीएच कंपनीचे एक डेटा सेंटर जळून खाक झाले. काही ग्राहकांची राखीव प्रतही त्याच आवारात होती. सप्टेंबर २०२५ मध्ये दक्षिण कोरियातील देजॉन येथे शासकीय डेटा सेंटरला आग लागली आणि सरकारी कर्मचाऱ्यांच्या सामायिक साठ्यातील ८५८ टेराबाइट माहिती नष्ट झाली. तिची बाहेर प्रतच नव्हती.

या सर्व घटनांतून एकच सूत्र निघते: एकाच संकटाच्या टप्प्यात असलेल्या दोन प्रती म्हणजे वस्तुतः एकच प्रत. संकट आगीचे असेल, दिवाळखोरीचे असेल किंवा विसरलेल्या पासवर्डचे. छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी लोकप्रिय केलेला ‘३-२-१’ नियम हेच सांगतो: तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, आणि त्यांतील एक दुसऱ्या ठिकाणी.

मग सेवा निवडताना काय पाहावे?

पहिले, प्रत कोठे आहे. ‘अकरा नऊ’ म्हणजे ९९.९९९९९९९९९ टक्के टिकाऊपणा, अशी जाहिरात अनेक सेवा करतात. हे गणित खोटे नाही. बॅकब्लेझने जाहीर केलेल्या रचनेत फाइलचे वीस तुकडे वीस यंत्रांवर ठेवले जातात आणि त्यांपैकी कोणतेही सतरा पुरतात. १९६० च्या रीड-सॉलोमन संकेतांची ही किमया आहे. परंतु ती वीसही यंत्रे एकाच डेटा सेंटरमध्ये असतील, तर हे गणित डिस्क बिघडण्याचे उत्तर देते, इमारत जळण्याचे नाही. मायक्रोसॉफ्टची २०१५ पासून पुणे आणि चेन्नई येथे केंद्रे आहेत. अशा दोन दूरच्या शहरांत प्रत ठेवण्याचा पर्याय बहुधा वेगळे शुल्क भरून निवडावा लागतो.

दुसरे, ती सेवा बॅकअप आहे की केवळ ‘सिंक’. सिंकमध्ये फोनवरचे चित्र पुसले की क्लाउडवरचेही पुसले जाते. तेथे दोन प्रती दिसतात. पण चूक दोन्हींची एकच असते. पुसलेली फाइल किती दिवस परत मिळते, हे आधी वाचावे.

तिसरे, परत मिळवण्याची वाट. ४ टेराबाइटचा संग्रह सेकंदाला २० मेगाबिट वेगाने चढवायला अखंड साडेअठरा दिवस लागतात. उतरवताना वेळ लागतोच, शिवाय स्वस्त ‘अर्काइव्ह’ साठ्यांत काढण्याचे वेगळे पैसेही पडतात. सेवा बंद झालीच, तर मुदतीत सारे बाहेर काढता येईल का, याचा हिशेब आजच मांडावा.

चौथे, अटी बदलतात हे गृहीत धरावे. गूगल फोटोजने अमर्याद मोफत साठवण १ जून २०२१ पासून थांबवली. त्या मोफत योजनेतही चित्रे मूळ दर्जात नव्हे, तर आकुंचित रूपात ठेवली जात. रॉ फाइल जपणाऱ्याने मूळ फाइल जशीच्या तशी राहते का, हे चेकसम जुळवून तपासावे.

म्हणूनच क्लाउड ही एक चांगली प्रत आहे, एकमेव प्रत नव्हे. घरी एक हार्ड डिस्क, दुसऱ्या गावी नातेवाइकांकडे एक आणि क्लाउडवर एक, ही व्यवस्था साधी असली तरी भक्कम आहे. वर्षातून एकदा दहा-वीस छायाचित्रे खरोखर परत उतरवून पाहिली, तरच ती व्यवस्था आहे असे म्हणता येईल. सीतापुऱ्याच्या आगारातही झडप बंद करण्याची सोय कागदावर होतीच.

रामसिंहांच्या काचा दीडशे वर्षे टिकल्या, कारण पिढ्यान्‌पिढ्या कोणीतरी त्या सांभाळल्या. आपल्या छायाचित्रांना काच फुटण्याचे भय उरलेले नाही. सांभाळणाऱ्याची गरज मात्र तशीच आहे. आज आपल्या संग्रहाची दुसरी प्रत नेमकी कोणत्या शहरात आहे, हे आपणास सांगता येईल का?